आधी चिमीचं लग्न, मग माझे पाय

श्टुटगार्ट
नवरात्र, सातवी माळ

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र चिमीनं मोठ्यानं वाचावं. मधलं काही गाळू नये. आणि आई, तू अर्ध्यातनं उठून फोन लावू नको. शेवटपर्यंत ऐक, वाटलं तर परत एकदा वाचायला लाव, मग कर फोन. त्या दिवशी मी उशिरापर्यंत जागा राहीन.

रोज व्हिडिओवर बोलतोय की, मग पत्र कशाला, असं आप्पा म्हणतील. तीन रविवार मी हे फोनवर सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या रविवारी आज्जी शेजारी बसली होती. दुसऱ्या रविवारी निप्पाणीहून अक्का आली होती आणि भावोजींनी तंबाखूच्या दराचा विषय काढला, तो संपलाच नाही. तिसऱ्या रविवारी सगळं निवांत होतं, तर मलाच धीर झाला नाही. वांग्याच्या भाजीची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहितोय. माझा धारवाडचा मित्र पुढच्या आठवड्यात दिवाळीसाठी गावी चाललाय. तो बेळगावला सांबऱ्याच्या विमानतळावर उतरला की आधी येळ्ळूरला येऊन हे पाकीट हातात देईल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका. आणि आप्पा, त्याच्यापुढं सीमाप्रश्न काढू नका, निदान पहिल्या चहाला तरी.

आता मुद्दा. येत्या मार्चमध्ये मी दोन्ही मांड्यांचं ऑपरेशन करून घेणार आहे. आजार झालेला नाही, कुठं पडलेलो नाही, रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. उंची वाढवायचं ऑपरेशन आहे. पाच सेंटीमीटर. म्हणजे दोन इंचाला थोडं कमी.

चिमे, आईला पाणी दे आणि पुढं वाच.

'चांगले पाय मोडून घेणार काय रे', हेच तुझ्या तोंडी पहिलं येणार, मला माहीत आहे. मोडणं म्हणजे पडून मोडतं तसं नाही. मांडीच्या हाडाला बारीक छेदातनं काप देतात आणि हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा रॉड घालतात. रॉडच्या आत लोहचुंबक असतं. बाहेरनं मांडीवर एक यंत्र धरलं की ते चुंबक फिरतं आणि रॉड किंचित लांब होतो. पहिला आठवडाभर काहीच फिरवायचं नाही, कापलेल्या जागी शरीर हाड भरायला सुरुवात करतं. मग रोज एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, चार वेळा पाव-पाव. दोन टोकांमधल्या फटीत नवीन हाड तयार होत जातं, आधी मऊ, मग हळूहळू घट्ट. पन्नास दिवसांत पाच सेंटीमीटर. तू शेवया ओढताना चिमीला सांगतेस बघ, घाई केली की तुटतात, थांबलं की वाळतात. अगदी तसंच आहे. जोरात ओढलं तर हाड भरत नाही आणि नसा तक्रार करतात, फारच हळू ओढलं तर हाड मधेच सांधून मोकळं होतं आणि पुढं हलतच नाही.

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर होतो तेव्हा एक मिलिमीटर जास्त कापला गेला तर मालक जॉब तोंडावर फेकायचा. एक मिलिमीटर म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. आता तोच एक मिलिमीटर रोज मोजून घ्यायचा आहे. रॉडच्या आत गिअर आणि स्क्रू बघितला तेव्हा मला पहिलं उद्यमबागच आठवलं.

आप्पा, हे शास्त्र काही काल निघालेलं नाही. रशियात सायबेरियाकडं कुर्गान म्हणून गाव आहे, तिथल्या इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरनं 1951 च्या सुमारास ही पद्धत काढली. महायुद्ध नुकतंच संपलेलं, पाय खराब झालेल्या जवानांची त्याच्याकडं रीघ. त्यानं पायाभोवती रिंगा लावून आणि तारा हाडातनं आरपार घालून हाड जुळवायला सुरुवात केली आणि त्यातनंच लक्षात आलं की हळूहळू ताणलं तर हाड वाढतं. ब्रुमेल नावाचा उंच उडीवाला होता, 1964 चं टोकियोचं सुवर्णपदक त्याचं. दुसऱ्याच वर्षी मोटारसायकलवरनं पडून पायाचा चुराडा झाला, ढीगभर ऑपरेशनं झाली, पाय कापायची वेळ आलेली. इलिझारोव्हनं तो पाय वाचवला आणि तो परत उड्या मारायला लागला. तुमच्या पलटणीतले ते नाईक, ज्यांना मिलिटरी हॉस्पिटलात पायात रिंगा घातल्या होत्या आणि जे आपल्याकडं जेवायला आल्यावर पाय लांब करून सोप्यात बसले होते, त्या रिंगा म्हणजे हेच. माझ्या पायाला बाहेरनं काही नसणार, सगळं आत.

धोका नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी कागदावर सह्या घेतल्यात, त्यात सगळं लिहिलंय. जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, नसेला ताण, गुडघा आखडणं, हाड वेळेत न भरणं. तुम्ही कुणाला तरी मोबाईलवर शोधायला लावणार आणि सगळ्यात वाईट तेवढंच वाचणार, म्हणून मीच आधी सांगतोय. पायाच्या नळीचं हाडसुद्धा वाढवतात, पण त्यात टाच वर उचलली जायची भीती जास्त, म्हणून मी मांडीचं निवडलंय. जास्त हाव धरलेली नाही. लोक सात-आठ सेंटीमीटर मागतात. मी पाचवर थांबलो.

आता वेळेचं. मी बिनडोकपणे तारीख घेतली असं वाटू नये म्हणून सगळं सांगतो.

चिमीचं लग्न मार्गशीर्षात, तेव्हा मी माझ्या जुन्या, अखंड पायांवर हजर असणार. कानपिळी कोण करणार नाहीतर? नवरदेव पाच फूट अकरा इंच आहेत, मला पाटावर उभं करावं लागेल, ते चालेल. तीन आठवडे राहून जानेवारीत परत. डिसेंबर-जानेवारीतच करून टाक, थंडीत इथं असंही काही नसतं, असं एकजण म्हणाला होता. पण इथं रस्त्यावर बर्फ गोठून काच होते, आणि त्यावर कुबड्या म्हणजे तिसरा पाय मोडून घेणं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन केलं की मेपर्यंत ओढायचं काम संपतं आणि कुबड्यांवर बाहेर पडायच्या वेळी ऊन असतं. हाड पक्कं व्हायला एका सेंटीमीटरला साधारण महिना-दीड महिना धरायचा. म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरपर्यंत मी मोकळा चालायला हवा. पुढच्या दिवाळीला घरी. धावणं, उड्या मारणं त्यानंतर. रॉड वर्ष-दोन वर्षांनी काढतात, ते ऑपरेशन लहान असतं.

ओढायच्या काळात एकेका पायावर वीस-तीस किलोच भार टाकायचा, म्हणजे दोन-अडीच महिने जास्त करून चाकाच्या खुर्चीवर आणि वॉकरवर. पूर्ण वजन पेलणारा स्टीलचा रॉड मध्यंतरी निघाला होता, पण त्याच्या सांध्यात गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसायला लागले म्हणून 2021 मध्ये तो बाजारातनं मागं घेतला. मला घाई नाही. टायटॅनियमच बरा.

तयारी जूनपासून चालू आहे. इथं थंडीत ऊन नाही, त्यामुळं ड जीवनसत्त्व तळाला गेलं होतं, गोळ्या चालू आहेत. मांडीच्या मागच्या शिरा मोकळ्या करायचे व्यायाम रोज अर्धा तास. सिगारेट सोडून चार महिने झाले, कारण धुरानं हाड भरायला उशीर होतो. (हो, ओढत होतो. आता नाही.)

आई, तू म्हणणार मी येते, तीन महिने राहते. नको येऊस. रागावू नकोस, कारण ऐक. ओढायच्या काळात हाड वाढतं पण स्नायूंना वाढायचं नसतं. ते आखडतात. म्हणून झोपताना पाय सरळ ठेवावे लागतात, कितीही दुखलं तरी गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, नाहीतर गुडघा वाकलेलाच राहतो. तू आल्या आल्या पहिली उशी गुडघ्याखाली सरकवणार. मी 'नको' म्हटलं तर मी झोपल्यावर सरकवणार. मला माहीत आहे तू. मग तेल लावून चोळणार, ते तर अजिबात चालत नाही. आठवड्यातनं पाच दिवस फिजिओथेरपी असते, ती बाई पाय दाबून वाकवते तेव्हा माणसं ओरडतात. ते तू ऐकू नयेस.

आणि गावाकडं येऊन करून घे, असंही म्हणू नकोस. दर आठवड्या-पंधरवड्याला एक्स-रे काढून त्याच डॉक्टरांनी बघायला हवा. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शनं घ्यायची असतात, त्या दिवसांत लांबचं विमान नको म्हणतात. शिवाय आपला संडास परसात आणि खाली बसायचा.

सोबत कोण, तर धारवाडचा मित्रच. त्याचं घर तळमजल्यावर आहे, माझं चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. मार्च ते मे मी त्याच्याकडं. आप्पा, तो मला दिवसातनं दोनदा 'ऊट आयता?', म्हणजे जेवलास काय, असं कन्नडमध्ये विचारल्याशिवाय राहत नाही. एक नोव्हेंबरला, त्यांच्या कर्नाटक राज्योत्सवाला, तो खिडकीत तांबडा-पिवळा झेंडा लावतो. मी आपल्याकडच्या काळ्या दिनाची काळी फीत लावत नाही, पण त्या दिवशी त्याच्याकडं चहा बिनदुधाचा पितो, आणि त्याला ते कळतं. तेवढ्यावर आमचा सीमाप्रश्न मिटलाय.

या सगळ्या तारखा जुळवताना सगळ्यात मोठी अडचण कसली आली असेल? झाडूची. तुम्हाला खोटं वाटेल म्हणून नीट सांगतो.

इथं या भागात 'केरवोखे' म्हणून एक प्रकार आहे. केर म्हणजे चक्क केर काढणं, वोखे म्हणजे आठवडा. केराचा आठवडा. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराला पाळी असते. पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी लटकते, त्यावर 'केरवोखे' लिहिलेलं. ती पाटी दिसली की समजायचं, या आठवड्यात जिना तुझा. पायऱ्या झाडायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या, कठडा पुसायचा, खिडकीची पट्टी पुसायची. हा झाला लहान केर. मोठा केर वेगळा. त्यात बाहेरचा फूटपाथ, तळघराची वाट, कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवणं आणि परत आणणं. बर्फ पडलं तर सकाळी सातच्या आत फूटपाथ मोकळा करायचा आणि वर बारीक खडी टाकायची, कारण तुमच्या दारात कुणी घसरून पडलं तर ते तुमच्या गळ्यात. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला लटकवायची. काही बोलायचं नाही. दारावर टकटक करायची नाही. नुसती पाटी.

आता गंमत अशी की जिना स्वच्छच असतो. चार घरं, सगळे बूट पुसून आत येणारे. तरी झाडायचा. शनिवारी सकाळी झाडायचा म्हणजे सगळ्यांना ऐकू येतं. मी पहिल्या वर्षी एका बुधवारी रात्री गुपचूप झाडून घेतलं, तर शनिवारी दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी येऊन विचारायला लागली, तब्येत बरी आहे ना? कामाचा पुरावा म्हणजे झाडूचा आवाज. भाड्याच्या करारातसुद्धा ते लिहिलेलं आहे. तू रोज पहाटे सडा घालून दारात रांगोळी काढतेस, तुझ्या दाराला कुणी पाटी लावली नाही, हे मी तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, मग तुमच्याकडं पाळी कशी कळते? मी म्हटलं, पाळी नसतेच, आईच करते. त्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मीही.

तर या म्हातारीला मी सांगितलं की मार्चपासून तीन महिने माझे दोन्ही पाय बंद. मला वाटलं विचारेल काय झालं, का झालं. तिनं आत जाऊन कॅलेंडर आणलं. चष्मा लावला. मार्च ते जूनमधल्या माझ्या पाळ्या मोजल्या, पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि तेवढ्याच तिच्या पाळ्या मला हिवाळ्यात लावून दिल्या. त्यामुळं चिमीच्या लग्नाहून आलो की सकाळी साडेसहाला मी तिचा बर्फ ओढत असणार. पायाचा व्यायामच होईल म्हणा. पण आप्पा, डॉक्टर, ऑफिस, मित्र, सगळ्यांच्या तारखा जुळल्या तरी मला खरा निवांतपणा त्या कॅलेंडरवर खुणा झाल्यावर आला.

ऑफिसचं असं. इथं आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, पण हौसेनं केलेल्या ऑपरेशनला तो मिळत नाही. विमाही देत नाही. उलट त्यातनं काही बिघडलं तर त्या उपचाराच्या खर्चातही माझ्यावर बोजा टाकतात. म्हणून साठवलेली रजा, जादा तासांचे दिवस आणि एक महिना बिनपगारी, असं जुळवलंय. त्यानंतर घरून काम. साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी फक्त प्रोजेक्टची तारीख विचारली.

गल्लीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. 'बर्फावर घसरला' असं अक्का म्हणाली (तिला मी मागच्या महिन्यात सांगितलंय, तिच्यावर चिडू नका), पण दोन्ही पाय सारखेच कसे मोडले, असं कुणीतरी विचारणारच. आज्जीला काही सांगू नका. मी आल्यावर ती मला मान वर करून बघेल आणि 'वाळलास' म्हणेल, एवढंच होईल.

हे का करतोय, हे तुम्ही विचारणार नाही. आप्पा तर मुळीच नाही. म्हणून लिहितो.

मराठा सेंटरच्या सैन्यभरतीला आप्पा मला सायकलवरनं घेऊन गेले होते. त्याआधी दोन वर्षं परसात दोन खांबांना पाइप बांधून रोज सकाळी लोंबकळायला लावलं, वर तांब्याभर दूध. कर्नाटकाला 166 सेंटीमीटर हवे होते. माजी सैनिकाचा मुलगा म्हणून दोन सुटले, 164. मी भरलो 163. धावायच्या आधीच बाहेर. सीमेपलीकडं 168 लागतात, तेव्हा गाव महाराष्ट्रात असतं तरी मी बसलो नसतो, हे मी तेव्हा विनोदानं म्हणालो. आप्पा हसले नाहीत. वाटेत चहा पाजला, बटर घेऊन दिलं, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तुम्ही रागावला नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नव्हतं.

आणि आई, त्या रात्री तू आज्जीला म्हणालीस, 'माझ्यावर गेलाय, काय करणार.' मी जागा होतो. तुझ्यामुळं काही झालेलं नाही. मला तुझे डोळे मिळालेत, तुझा हातही मिळालाय. लेथवर माझा हात हलत नाही म्हणून तर मी इथवर आलो. ऑपरेशनचं ऐकून तू परत तेच म्हणणार, म्हणून हा सगळा कागद. त्यात तुझा काही संबंध नाही. ऐकतेस ना?

इथं ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. त्यानं विचारलं, समजा पाच सेंटीमीटर वाढले आणि आयुष्यात काहीच बदललं नाही, तर? मी म्हटलं, चालेल. जर्मनमध्ये खोटं बोलायला सोपं जातं.

आता पैशाचं, ते राहिलंच. चिमीच्या लग्नाच्या पैशाला हात लावलेला नाही. ते वेगळ्या खात्यात आहेत, दागिन्यांचे आणि कार्यालयाचे उरलेले दिवाळीनंतर लगेच पाठवतो. ऑपरेशनला किती, तो आकडा इथं लिहीत नाही, रुपयात केला की मलाच धाप लागते. पण वरच्या मजल्याचा स्लॅब यंदा होणार नाही, पुढच्या वर्षीही कदाचित नाही. गवंड्याला आप्पांनी उगाच शब्द देऊ नये. आणि गेल्या वर्षापासून महिन्याला कमी पैसे येतायत, त्याचं कारण मी टॅक्स सांगितलं होतं. टॅक्स तेवढाच आहे. मी बाजूला टाकत होतो. बासमतीच्या मागच्या कापणीला माणसं लावायला पैसे नव्हते म्हणून आप्पा स्वतः वाकले, हे अक्कानं सांगितलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही. कापणीचे पैसे आज पाठवलेत. ते परत पाठवू नका.

लग्नाचं दुसरं. माझं. मामांनी बायोडेटात पाच फूट सहा इंच लिहिलंय, ते आता बदलायची गरज नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत खरं होईल. पण तोवर नवीन स्थळं बघू नका. चाकाच्या खुर्चीवरनं व्हिडिओ कॉलवर मी मुलगी बघणार नाही.

आणि गडहिंग्लजची मुलगी. तिच्या घरून परत विचारणा आलीय असं तू म्हणालीस. तिला उंचीची अडचण नव्हती, हे मला माहीत आहे. ती स्वतःच तसं म्हणाली होती, कॉफी पिताना, हसत हसत. अडचण माझी मला होती. मी दीड महिना उत्तर दिलं नाही. आता तिला वर्षभर थांबा म्हणणं बरं नाही, आणि कशासाठी ते सांगणं त्याहून बरं नाही. तिच्या घरी नम्रपणे नाही कळवा. पत्रिका जुळत नाही म्हणा. तिचं वाईट वाटतं मला. तिला तेवढंही सांगू नका.

बाकी मी बरा आहे. ज्वारीचं पीठ इथं तुर्की दुकानात मिळायला लागलंय, भाकरी अजून गोल होत नाही. दिवाळीला मांडे पाठवू नका, मागच्या वेळी पाकिटातनं भुगाच निघाला. चिवडा पाठवा.

परसातला पाइप मात्र काढू नका. पुढच्या दिवाळीला आलो की उठाय-बसायचे व्यायाम करायला धरायला काहीतरी लागेल. तोवर आई तिथं मिरच्या वाळत घालतेच आहे, घालू दे.

आज्जीला नमस्कार. अक्काच्या पोरांना पापा.

तुमचा,
बारक्या

ता. क. चिमे, हा वेगळा कागद तुझ्यापुरता. मोठ्यानं वाचू नको.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तुझा नंबर दिलाय. आप्पांना इंग्रजीत फोन आला तर ते घाबरतील, आणि अक्का रडेल. तेव्हा तू सासरी असशील, लग्नाला तीन महिनेही झालेले नसतील, तिकडं काय सांगायचं ते तुझं तू बघ. नवरदेवांना खरं सांगितलंस तरी चालेल. ऑपरेशनच्या दिवशी फोन चार्ज करून जवळ ठेव. सकाळी आठला आत नेतात, म्हणजे तुमच्याकडं साडेबारा. बाहेर आलो की मित्र आधी तुलाच मेसेज करेल.

मी घाबरलोय थोडा. हाडाला नाही, त्या पन्नास दिवसांना.

त्या दिवशी जमलं तर माहेरी ये आणि आईला शेवयांना बसव. मार्चमध्ये ऊन पडलेलंच असेल. हात पिठात असले की ती फोन लावत नाही.